महाराजांच्या भेटीला, व्हाया फ्लॉरेन्स

बेळगाव-निपाणीकडच्या माणसाला परदेशाचं फारसं भय नसतं. पाटी कन्नडमध्ये, दुकानदार मराठीत, बिल इंग्रजीत आणि भांडण तिन्हींत, हा सराव त्याला १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून आहे. त्यामुळं फ्लॉरेन्सच्या स्टेशनावर उतरल्यावर समोरची एकही पाटी कळेना, तरी निपाणीच्या काकांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. पाटी वाचत बसायचं नसतं, माणूस गाठायचा असतो, एवढं ते लहानपणीच शिकले होते.

काका निपाणीचे, तंबाखूच्या व्यापारातून निवृत्त झालेले. काकू बेळगावच्या, शहापुरातल्या. १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल अमलात आला असता, तर निपाणी महाराष्ट्रात गेली असती आणि बेळगाव होतं तिथंच राहिलं असतं. म्हणजे काकूंना दिवाळीत माहेरी जायला राज्य ओलांडावं लागलं असतं. तो अहवाल महाराष्ट्रानं नाकारला, २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि काका-काकूंचा संसार त्याच्याही बऱ्याच आधीपासून, एकही तारीख न पडता चालू आहे.

म्युनिकला नोकरी करणाऱ्या लेकीनं दोघांना युरोपला बोलावलं, तेव्हा काकांनी पॅरिस मागितलं नाही, स्वित्झर्लंडचा बर्फ मागितला नाही. "फ्लॉरेन्समधी आमचं महाराज हाईत. त्यांचं दर्शन घ्यायचं. बाकी तू दाखवशील ते बघू." लेकीला वाटलं, वडिलांचा वयोमानाप्रमाणे काहीतरी घोटाळा झाला. तिनं फोनवर शोधलं, मग दोन मिनिटं ती काही बोललीच नाही.

आपल्याकडून युरोपला जाणारी पुष्कळ मंडळी कंपनीच्या टूरनं जातात. चाळीस-पंचेचाळीस माणसं, एक बस, पुढं झेंडा उंच धरून पळणारा टूर मॅनेजर, रात्री भारतीय जेवण. त्यात फ्लॉरेन्सच्या वाट्याला फार तर अर्धा दिवस. पिसाचा कललेला मनोरा तळहातानं सावरल्याचे फोटो काढून मंडळी येतात, टेकडीवरच्या चौकातून सगळ्या शहराकडं पाठ करून आणखी एक फोटो काढतात आणि रोमच्या वाटेला लागतात. काकांनी मागं एकदा असा युरोप पाहिला होता. त्यातलं त्यांना स्पष्ट आठवत होतं ते बसमधल्या पुढच्या सीटचं कव्हर. म्हणून या खेपेला लेकीनं खाजगी गाईड ठरवला. तीन तास, पायी, फक्त तिघांसाठी. दर सगळा मिळून दोनशे युरोंच्या आसपास.

काकांनी चालता चालता हिशेब मांडला. वीस हजार रुपये. भागिले एकशे ऐंशी. "मिनिटाला एकशे दहा रुपयं! गाईडनं नुसतं शिंकलं तरी आपलं शंभर गेलं."

गाईड म्हणजे पन्नाशीच्या एक बाई निघाल्या. कलेच्या इतिहासाचा अभ्यास केलेल्या, गळ्यात सरकारी ओळखपत्र, पायांत चालून चालून नरमलेले बूट. त्यांनी कॅथीड्रलसमोर उभं राहून सुरुवात केली ती ब्रुनेलेस्कीच्या घुमटानं. चर्च बांधून होत आलं, पण वरचं भोक झाकायचं कसं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सुमारे पंचेचाळीस मीटरची रुंदी. खालून लाकडी सांगाडा उभारायचा तर तेवढं लाकूड आणायचं कुठून? फिलिप्पो ब्रुनेलेस्की या मूळच्या सोनारानं आधाराच्या सांगाड्याशिवाय घुमट उभा करायचं मान्य केलं आणि १४२० ते १४३६ या सोळा वर्षांत करूनही दाखवलं. एकात एक अशी दोन कवचं, चाळीस लाखांवर विटा, आणि त्या विटांची तिरकी गुंफण अशी की प्रत्येक थर पुढचा थर बसेपर्यंत स्वतःला सावरून धरी.

काकांनी मान मागं टाकून घुमट पाहिला, टोपी सावरली आणि लेकीला म्हणाले, "तिला सांग, आमच्या कर्नाटकात गोलघुमट हाय."

काकूंनी चमकून नवऱ्याकडं पाहिलं. ज्या माणसानं आयुष्यभर पत्त्यात राज्याचं नाव लिहायचं टाळून नुसता पिनकोड घातला, त्याच्या तोंडून 'आमच्या कर्नाटकात' हे शब्द बाहेर पडायला फ्लॉरेन्सपर्यंत यावं लागलं होतं. पण वाद घालण्यासारखं काही नव्हतं. मुहम्मद आदिलशहाच्या विजापूरच्या कबरीवरचा तो घुमट बाहेरून चव्वेचाळीस मीटरच्या घरात जातो, आणि आत एका बाजूला भिंतीशी कुजबुजलं की समोरच्या भिंतीशी उभ्या असलेल्याला ऐकू येतं. बाईंनी ते वहीत टिपून घेतलं. इथं त्यांची पहिली चूक झाली. पाहुण्याचं बोलणं गाईडनं वहीत टिपलं की पाहुणा मग थांबत नाही.

घुमटापेक्षाही काकांना आवडली ती बैलांची गोष्ट. एवढ्या उंचीवर दगड-विटा चढवायला ब्रुनेलेस्कीनं बैलांवर चालणारा उच्चालक बनवला. त्यात मेख अशी की ओझं वर न्यायचं असो की खाली आणायचं, बैल एकाच दिशेनं फिरत राहत. दिशा बदलायची ती दात्यांची चाकं सरकवून. म्हणजे बैल सोडा, वळवा, पुन्हा जुंपा, ही कटकट नाही. काकांचं बालपण मोटेच्या धावेवर गेलेलं. मोट भरून वर येताना बैल पुढं, रिकामी सोडताना बैल उलट्या पावलांनी मागं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. "म्हंजे रिव्हर्स गिअर बैलाला न लावता चाकाला लावला!" ते एकदम मराठीत ओरडले. आजूबाजूच्या जपानी मंडळींनी घाबरून वर पाहिलं. सोळा वर्षांचं काम एका वाक्यात समजून घेणारा दुसरा पाहुणा बाईंना त्या मोसमात भेटला नसावा.

घुमटावर चढायला चारशे त्रेसष्ट पायऱ्या आहेत, असं कळल्यावर काकूंनी गिबर्टीच्या दरवाजांचं दर्शन घेणं पसंत केलं. समोरच्या बाप्टिस्टरीचे मूळ सोनेरी पूर्वदरवाजे करायला लोरेन्झो गिबर्टीला सत्तावीस वर्षं लागली. काकूंनी शांतपणे विचारलं, "एवढी वर्षं दार नसताना आत कसं काय चालूलालं होतं?" प्रश्न योग्य होता. बाईंनी सांगितलं, तिथं आधीचे दुसरे दरवाजे होते. काकूंनी समाधानानं मान हलवली. बेळगावात एखादं काम सत्तावीस वर्षं रखडलं, तर त्याला कारण लागतं. इथं त्याला कला म्हणत होते.

सिन्योरिया चौकात डेव्हिड उभा आहे तो खरा नव्हे, नक्कल. मायकेलअँजेलोनं १५०४ मध्ये पुरा केलेला मूळ पुतळा १८७३ मध्ये अकादमीत हलवला. चौकातली प्रतिकृती १९१० ची. बाईंना अनुभवानं ठाऊक होतं की भारतीय कुटुंबांत या ठिकाणी थोडी चुळबुळ होते, कुणीतरी एकदम कबुतरांकडं पाहू लागतं. त्यांनी घाईनं पुढं व्हायचं केलं. पण काकू तिथंच थांबल्या. निपाणी-चिकोडीकडं, बेळगावात, जैन समाजाची मोठी वस्ती. श्रवणबेळगोळला जाऊन आलेल्या बाईला नग्न पुतळा म्हणजे नवलाई नव्हे. "सतरा फूट न्हवं हा? आमचा बाहुबली सत्तावन्न फूट. एकाच दगडातला. दहाव्या शतकातला." मग थोडं थांबून, न्यायबुद्धीनं: "पण ह्या पोराच्या हाताच्या शिरा मात्र चांगल्या काढल्यात ओ."

त्या चौकात पालिकेनं एक नळ बसवला आहे. एका तोटीतून साधं पाणी, दुसरीतून बुडबुड्यांचं. दोन्ही फुकट. काकांनी बाटली भरली, प्यायले आणि बराच वेळ नळाकडं पाहत राहिले. सगळ्या फ्लॉरेन्सनं जेवढं केलं नाही तेवढं या तोटीनं केलं: काकांच्या मनात इटलीच्या राज्यकारभाराविषयी आदर निर्माण झाला. सरकारी सोडा! पुढं कॉफीच्या दुकानात तो आदर थोडा उतरला, कारण काउंटरशी उभं राहून प्यायलेली कॉफी सव्वा-दीड युरोला आणि तीच खुर्चीवर बसून प्यायली की दुप्पट-तिप्पट. बसण्याचे पैसे घेणारं शहर काकांनी प्रथमच पाहिलं. तिघांनीही उभ्यानं कॉफी घेतली. बाईंनीही. इटलीची माणसं स्वतः तेच करतात.

चौकात इंदूरकडचं एक कुटुंब भेटलं. काकांनी लगेच त्यांना हिंदीतून बैलांच्या उच्चालकाची कथा सांगायला घेतली. हातवारे, चाकं, सगळं. बाई हसत पण जरा धास्तावून लेकीला म्हणाल्या, वडिलांना सांगा, पोलीस बघतील. इटलीत गाईडला रीतसर परवाना लागतो. २०२३ मध्ये त्यासाठी देशभराचा कायदा झाला, राष्ट्रीय परीक्षा आली, आणि बिनपरवाना कुणी पर्यटकांना स्मारकं समजावताना धंदा म्हणून सापडला तर दंड हजारो युरोंच्या घरात जातो. काकांनी दोन्ही हात खिशात घातले. तंबाखूच्या वखारीलाही एके काळी एक्साइजचा परवाना लागे, साहेब कधीही येऊन पोती मोजत. परवाना हा शब्द निपाणीच्या व्यापाऱ्याला पुरता कळतो.

खाण्याचा विषय निघणारच होता. चौकाच्या कडेला गाडीवर एक माणूस पावात काहीतरी शिजवलेलं घालून देत होता आणि रांग लागली होती. लाम्प्रेदोत्तो, फ्लॉरेन्सचा जुना, गरिबांचा खाऊ. काकांनी पातेल्यात एकदा डोकावलं आणि ओळख पटली. "ही वजडी!" डोळे चमकले. मग बाईंनी माहिती दिली की ती गाईच्या चौथ्या पोटाची असते. काका दोन पावलं मागं आले आणि आपण आज चतुर्थी धरली आहे असं जाहीर केलं. काकूंनी पंचांग काढलं नाही, ही त्यांची माया.

शेवटी रिबोल्लिता मिळाली: शिळा पाव, राजम्यासारख्या दिसणाऱ्या पांढऱ्या शेंगबिया आणि काळपट कोबी यांचं पुन्हा पुन्हा उकळलेलं दाट सार. चांगलं होतं. फक्त पाव अळणी. तोस्कानाचा पाव मीठ न घालताच भाजतात, आणि त्याची एक दंतकथा अशी की मध्ययुगात शेजारच्या पिसानं मीठ अडवलं, तेव्हा फ्लॉरेन्सवाल्यांनी अळणी खाईन पण वाकणार नाही असं ठरवलं. खरं-खोटं इतिहासकारांनी ठरवावं. काकूंनी पर्समधून शेंगदाण्याची चटणी काढून बाईंच्याही पावावर घातली, आणि त्या भांडणात निदान त्या टेबलापुरता तह झाला.

शेजाऱ्याशी भांडण हा विषय निघाल्यावर काकांना गप्प बसवणं कठीण होतं. बाईंनी मग कोंबड्याची गोष्ट सांगितली. फ्लॉरेन्स आणि सिएना यांची हद्द ठरेना. मग ठरलं की पहाटे कोंबडा आरवला की दोन्ही शहरांतून एकेक स्वार निघेल, आणि दोघं भेटतील तिथं सीमा. सिएनानं आपल्या पांढऱ्या कोंबड्याला खाऊ-पिऊ घालून लठ्ठ केलं. फ्लॉरेन्सनं काळा कोंबडा उपाशी ठेवला. भुकेला कोंबडा अंधारातच आरवला, फ्लॉरेन्सचा स्वार कधीचा निघाला, आणि सिएनाचा स्वार घराबाहेर पडून दहा-बारा किलोमीटर जातो तोच समोर उभा. कियांती क्लासिको या दारूच्या बाटल्यांवर आजही तो काळा कोंबडा असतो. ही दंतकथाच आहे, पण काकांनी ती ऐकून लेकीचा हात घट्ट धरला. साठ-सत्तर वर्षं आयोग, मोर्चे, ठराव, वकील, आणि इथं एका उपाशी कोंबड्यात काम झालं! "आमच्या पुढाऱ्यांनी कोंबडं उपाशी ठेवलं न्हाई," ते म्हणाले, "ते स्वतः खाल्लं." हे वाक्य लेकीनं भाषांतरित केलं नाही.

भांडण हाडांपर्यंत गेल्याचाही दाखला बाईंकडं होता. कवी दान्तेला फ्लॉरेन्सनं १३०२ मध्ये हद्दपार केलं. तो १३२१ मध्ये राव्हेन्नात वारला. पुढं शहराला पश्चात्ताप झाला, सांता क्रोचे चर्चमध्ये मोठी कबर बांधली, आणि राव्हेन्नाकडं हाडं मागितली. राव्हेन्नानं दिली नाहीत. आजही ती कबर रिकामी आहे, आणि फ्लॉरेन्स दरवर्षी राव्हेन्नातल्या दान्तेच्या दिव्याला तेल पाठवतं. मायकेलअँजेलो, गॅलिलिओ, मॅकियाव्हेली अशी वजनदार मंडळी त्याच चर्चमध्ये खरोखर झोपली आहेत. काकांना मात्र रिकामी कबर जास्त पटली.

सांता क्रोचेजवळच्या एका गल्लीत भिंतीवर दोन फरशा आहेत. एकीवर १३३३ च्या पुराची खूण, दुसरीवर १९६६ ची. तारीख दोन्हींची एकच, चार नोव्हेंबर. बाईंनी वर हात करून दाखवलं, पाणी तिथवर. १९६६ च्या पुरात आर्नो नदी शहरात शिरली, ग्रंथालयातली पुस्तकं चिखलात गेली, गिबर्टीच्या त्या सोनेरी दारांच्या दहांपैकी पाच चौकटी निखळून पडल्या. त्या गंभीर झाल्या होत्या. काका त्यांच्याहून गंभीर झाले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगा हमरस्त्यावर आली, पुणे-बंगळूर महामार्ग बंद, ट्रकांच्या रांगा, कोल्हापूर पाण्यात. २०२१ मध्ये पुन्हा तेच. फरशी मात्र तिथं कुणी लावली नाही; आमच्याकडं खूण म्हणजे "ते बघ, त्या झाडाच्या फांदीपर्यंत" असं कुणीतरी सांगतो, आणि पुढच्या रुंदीकरणात झाड जातं. ही एक गोष्ट बाईंनी मनापासून विचारून घेतली आणि काकांनी हातवारे न करता सांगितली. त्या दहा मिनिटांचे अकराशे रुपये त्यांनी मोजले नाहीत.

पोन्ते वेक्कियो म्हणजे पूल कमी आणि सराफ कट्टा जास्त. १३४५ च्या या पुलावर पूर्वी खाटकांची दुकानं होती. वरून जाणाऱ्या राजघराण्याच्या खाजगी वाटेपर्यंत तो वास पोचे, म्हणून १५९३ मध्ये तिथला ड्यूक फर्दिनांदो पहिला यानं त्यांना हलवलं आणि सोनारांना बसवलं. काकू शहापूर सराफ गल्लीतल्या तयारीनं आत शिरल्या, भाव विचारला, घडणावळ विचारली, कॅरेट विचारलं आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "नुसतं बघायला बरं." त्या एका दुकानात गेलेला वेळ काकांनी गाईडच्या खात्यातून वजा करावा असं सुचवलं.

मधेच बाईंनी सहज विचारलं, तुमच्या गावात काय बघण्यासारखं आहे? काका अडले. निपाणीत काय? तंबाखूचा बाजार, आणि १९८१ साली शरद जोशींच्या मागं शेतकऱ्यांनी महामार्ग अडवला ती जागा. बेळगावात? त्यांना सासुरवाडी सोडून काही आठवेना. काकूंनी सूत्रं हातात घेतली. बेळगावच्या किल्ल्यात रट्टांच्या काळातली, १२०४ सालची कमल बस्ती आहे. तिथंच विवेकानंद १८९२ मध्ये राहून गेले ती जागा आश्रमानं जपली आहे. टिळकवाडीत १९२४ चं काँग्रेसचं अधिवेशन झालं, गांधीजी अध्यक्ष असलेलं एकमेव. "आणि हे तुम्ही सगळं पाहिलंय?" बाईंनी काकांना विचारलं. काकांनी तेवढ्यात नदीत काहीतरी पोहताना पाहिलं. लग्नाला चाळीस वर्षं होत आलेला जावई, सासऱ्यांचं घर किल्ल्यापासून फार तर अर्ध्या तासाच्या पायी अंतरावर, आणि कमल बस्तीचं छतावरचं दगडी कमळ त्यानं पाहिलेलं नाही. फ्लॉरेन्समध्ये मात्र मिनिटाला एकशे दहा रुपये. या बाबतीत सगळी मराठी माणसं कुठल्याही राज्यात असोत, एकाच प्रांतातली आहेत.

ठरलेले तीन तास संपत आले. बाई निरोपाच्या तयारीत होत्या. लेकीनं घसा साफ केला आणि विचारलं, इंदियानोला जाता येईल का?

बाई गोंधळल्या. इंदियानो म्हणजे त्यांच्या लेखी १९७८ मध्ये सुरू झालेला, तारांनी टांगलेला मोठा पूल. सकाळच्या बातम्यांत तिथं वाहतूक तुंबल्याचं रोज सांगतात. फ्लॉरेन्सचा कुठला पर्यटक पुलावरची कोंडी बघायला मागत नाही. "पूल न्हवं," काका म्हणाले, "पुलाखालचा मालक." ट्राम धरून सगळे कास्चिने बागेत गेले. बाग कसली, आर्नोच्या काठानं तीन किलोमीटरांहून लांब पसरलेला झाडांचा पट्टा. मंगळवारी इथं मोठा आठवडी बाजार भरतो. तो दिवस मंगळवार नव्हता, याचं काकूंना वाईट वाटलं.

बागेच्या उत्तरेला एक प्रचंड इमारत दिसली. बाईंनी सहज सांगितलं, ती जुनी तंबाखूची फॅक्टरी, मानिफात्तुरा ताबाक्की. २००१ मध्ये बंद पडली, आता तिथं कलाकारांचे स्टुडिओ वगैरे. काका जागच्या जागी उभे. महाराजांचं दर्शन पाच मिनिटं थांबू शकत होतं. मग बाईंनी तोस्कानो सिगारची कथा सांगितली आणि ती काकांच्या अख्ख्या धंद्याच्या मुळावर आली. १८१५ चा ऑगस्ट. फ्लॉरेन्सच्या कारखान्यात तंबाखूची पिंपं उघड्यावर, आणि अवचित पाऊस. सगळा माल भिजला, उन्हात आंबला. टाकून द्यायचा, तर नुकसान. कारखान्यानं त्याच आंबलेल्या पानांचे स्वस्तातले सिगार वळून बाजारात आणले. लोकांना चव आवडली. दोनशे वर्षं झाली, तो सिगार अजून विकला जातो आणि इटलीची शान म्हणून विकला जातो.

भिजलेला तंबाखू! निपाणीत वळवाचा एक थेंब पोत्यावर पडला तर व्यापारी रात्रभर झोपत नाही, गिऱ्हाईक भाव पाडतं, दलाल नाक मुरडतो. काकांच्या वडिलांनी असा माल उकिरड्यावर टाकला होता. "आणि ह्यांनी त्याला ब्रँड केला." काका फॅक्टरीकडं पाहत म्हणाले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत, म्हणजे सुमारे दोनशे वीस रुपये. सिगार वळायला इथंही बायकाच असत, हे ऐकून काकूंनी मात्र लगेच विचारलं, हजारी किती मिळायची? विडी-सिगारमधलं खरं अर्थशास्त्र त्या प्रश्नात आहे. बाईंना उत्तर येत नव्हतं.

बागेच्या अगदी टोकाला, मुन्योने नावाचा ओढा आर्नोला मिळतो तिथं, कठड्याच्या आत एक मेघडंबरी उभी आहे. तिच्याखाली रंगीत अर्धपुतळा: फेटा, दागिने, मिसरूड फुटलेला कोवळा चेहरा. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. वय वर्षं वीस.

आता सूत्रं काकांकडं गेली. महाराज १८७० मध्ये इंग्लंडला गेले. आपल्याकडचा राजा समुद्र ओलांडून विलायतेला जातो, हीच तेव्हा केवढी गोष्ट. राणी व्हिक्टोरियाची भेट झाली, महाराज रोजनिशी लिहीत गेले. परतीच्या वाटेवर युरोपातून येताना आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी या शहरात वारले. तेव्हा फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होतं, आणि त्या राजधानीत प्रेत जाळण्याची रीत नव्हती. बरोबरच्या मंडळींनी अग्निसंस्कार हवा, तोही दोन नद्यांच्या संगमावर, असा आग्रह धरला. अधिकाऱ्यांची धावपळ झाली, परवानगी मिळाली, आणि याच संगमावर चिता पेटली. दोन वर्षांनी, १८७२ मध्ये, त्यांच्याबरोबरचे इंग्रज अधिकारी कॅप्टन वेस्ट यांनी ती रोजनिशी लंडनला छापली. १८७४ मध्ये हे स्मारक झालं. पुतळा चार्ल्स फुलर या इंग्रज शिल्पकाराचा, मेघडंबरी मेजर चार्ल्स मँटची, ज्यानं पुढं कोल्हापूरचा नवा राजवाडा आखला. "म्हंजे नवा राजवाडा बघितलेल्या माणसानं हितं यायलाच पायजे," असा काकांचा निष्कर्ष. चौथऱ्यावर इटालियन, इंग्रजीबरोबर देवनागरी अक्षरंही आहेत. ती पाहून काकांनी टोपी काढली आणि मोठ्यानं वाचू लागले.

तोवर धावायला आलेले दोन तरुण थांबले होते. एक आजोबा कुत्र्यासकट थांबले. सायकलवरची एक बाई पाय टेकून उभी राहिली. काका मराठीत, लेक इंग्रजीत, गाईड बाई इटालियनमध्ये, अशी उतरती साखळी सुरू झाली. आजोबा म्हणाले, ते लहानपणापासून इथं येतात, 'इंदियानो' म्हणतात, पण हा इंदियानो कोण हे आज कळलं. त्यांनी विचारलं, एवढ्या लहान वयात काय झालं होतं त्याला? काकांनी हात पसरले. वैद्यकीय चर्चा पुढं चालली असती, पण कुत्रा महाराजांच्या कठड्याशी भलत्याच हेतूनं गेला आणि काकूंनी "हाड्!" असं एका खणखणीत, कुठल्याही भाषेत समजणाऱ्या आवाजात म्हटलं.

पाच मिनिटांत सभा पांगली. बाईंनी घड्याळ पाहिलं. ठरलेल्या तीन तासांवर पावणेदोन तास झाले होते. लेकीनं पाकीट काढलं. काकांनी तिचा हात अडवला.

"तिच्या तीन तासांचं तिला दे. फॅक्टरीपासून पुढं कोण बोलत हुतं? मी. तर त्या वेळेचं मला तिनं द्यायचं."

लेकीनं हे भाषांतर करावं की नाही याचा विचार केला, आणि केलं. बाईंनी गळ्यातलं ओळखपत्र उचलून काकांना दाखवलं. परवाना नाही, म्हणून मेहनताना नाही. उलट पोलिसांनी धरलं तर दंड. काका क्षणभर अडचणीत आले. मग त्यांच्यातला व्यापारी जागा झाला. ठीक आहे, पैसे नकोत, पण जादा वेळेचंही लावू नका. बाई पुढच्या पाहुण्यांना ही कथा विकतील, तिच्यावर काकांचा हक्क राहणार नाही. घाऊक सौदा.

बाईंनी हात पुढं केला. हातावर हात पडला. काकूंनी पिशवीतून बेळगावच्या कुंद्याचा डबा काढून त्यांना दिला आणि लेकीला बजावलं, "तिला सांग, हे कथेच्या हिशेबात धरू नको म्हणावं. हे माझ्याकडनं." बाईंनी तिथंच झाकण उघडून एक घास खाल्ला, डोळे मिटले, आणि वही काढून विचारलं, हे कसं करतात? काकू दुधापासून सुरुवात करून सांगू लागल्या. ट्राम येऊन गेली. काका घड्याळ काढून मिनिटं मोजायला लागले, या वेळी काकूंच्या खात्यावर.